डबा खाली करा

राजपुरा, बुऱ्हाणपूर
सोमवार, १४ डिसेंबर २००९

प्रिय उषा,

आशीर्वाद, तब्येतीची चौकशी, लोणचं पोचलं की नाही, हे सगळं तुझ्या आईने वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, तेव्हा तो कागद आधी वाच. माझ्या कागदावर ग्रीसचे अंगठे उमटले आहेत, त्याला इलाज नाही. तुझा शेवटचा फोन आला त्याला आज चोवीस दिवस झाले. लग्नानंतर वर्षभर तुझा एक रविवार चुकला नव्हता. तुझ्या आईने आधी टेलिफोन कंपनीला नावं ठेवली, मग तुमच्याकडच्या पाहुण्यारावळ्यांना. फोन का येत नाही ते मला माहीत आहे. त्या शुक्रवारी तू मला काहीतरी सांगायला फोन केला होतास आणि मी ते ऐकलं नाही. आमच्याकडून फोन केला तर ‘बरं आहे’, ‘ठीक आहे’ एवढंच येतं, आणि मागे तुझ्या सासूबाईंचा टीव्ही ऐकू येतो. फोनवर मी बोलतो जास्त आणि ऐकतो कमी. तीस वर्षं इंजिनांजवळ काढलेल्या माणसाचे कान असेच होतात. म्हणून पत्र लिहायला बसलो. तू माझ्याशी पुन्हा मोकळं बोलायला लागावंस, एवढंच मला हवं आहे. पण त्यासाठी आधी एका गाडीची गोष्ट सांगावी लागेल, कारण माझी चूक मला त्या गाडीमुळेच कळली.

त्या शुक्रवारी आपल्या गॅरेजात विनायकराव आले होते. तू त्यांना ओळखत नाहीस. बँकेतले साहेब, मूळचे साताऱ्याचे, दिवाळीआधी बदली होऊन इथे आले. फार सभ्य माणूस. पाने पुसणाऱ्या आपल्या गोटूलासुद्धा ‘अहो गोटूशेठ’ म्हणतो. त्यांची गाडी दोन हजार एकची, पांढरी, पण ठेवली अशी की दाराच्या आतल्या बाजूचं मूळ प्लास्टिक अजून काढलेलं नाही. तक्रार अशी की सपाटीला गाडी बरी चालते, पण असीरच्या घाटात दम सोडते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि मागून केळीचे भरलेले ट्रक हॉर्न मारत पुढे निघून जातात. एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून ‘चाचा, उतर के धक्का मारो’ म्हटलं, ते त्यांच्या फार मनाला लागलं होतं. साहेब निदान बरोबरच घेऊन आले होते. साताऱ्याच्या मेकॅनिकने फोनवरूनच सांगितलं होतं म्हणे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदलून टाका. फोनवरून गाडी बघणाऱ्या लोकांचा मला किती राग येतो ते तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, साहेब, आधी तपासू, मग बदलू.

तुझी आई शेजारी बसून हे वाचते आहे आणि तिला कन्व्हर्टर म्हणजे काय ते कळत नाही. तेव्हा तिच्यासाठी लिहितो, तू पुढे जा. इंजिनातून धूर निघतो तो सायलेन्सरकडे जाण्याआधी एका पोलादी डब्यातून जातो. डब्यात चिनी मातीची बारीक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, आणि तिच्यावर महागड्या धातूंचा हात फिरवलेला असतो. त्या जाळीतून जाताना विषारी धुराचं विष बरंचसं मरतं. आमच्या धंद्यात त्याला नुसतं ‘डबा’ म्हणतात. डबा चोंदला तर धुराला वाट मिळत नाही, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि गाडी चढावर मरते. बरेच गॅरेजवाले अशा वेळी सरळ सळई घालून जाळी फोडून टाकतात आणि पोकळ डबा परत बसवतात. गाडी पळायला लागते, गिऱ्हाईक खूश, आणि मागे चालणाऱ्याने काय वाटेल ते हुंगावं. आपल्याकडे ते चालत नाही. तूच ऑइलपेंटने भिंतीवर लिहून ठेवलंस ना, ‘येथे डबे फोडून मिळणार नाहीत’. तुझ्या लग्नानंतर भिंतीला चुना दिला, तेव्हा गोटूने त्या ओळीवर जुनी बनियन धरून ती वाचवली.

तर तपासणी केली ती तू शिकवलीस त्याच क्रमाने. आधी गाडी जॅकवर घेतली आणि डब्याला रबरी हातोडीने हलके टोले दिले. आत काही खुळखुळलं नाही, म्हणजे जाळी तुटलेली नाही. मग गाडी चांगली तापू दिली आणि तू इंदूरच्या ट्रेनिंगहून आणलेल्या त्या पिस्तुलासारख्या थर्मामीटरने डब्याच्या पुढची आणि मागची नळी मोजली. पुढे दोनशे साठ, मागे तीनशे. मागची नळी जास्त गरम, म्हणजे डबा आत आपलं काम करतो आहे. मग पुढचा सेन्सर काढून त्या भोकात दाबाचा काटा लावला. जुना सेन्सर पोकरून, त्यात नळी झाळून तू डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी बनवलेला तोच. अख्खं गॅरेज त्याला ‘उषाचा काटा’ म्हणतं. रेस दिल्याबरोबर काटा सर्रकन वर गेला. म्हणजे धूर कुठेतरी अडतो आहे. थर्मामीटर म्हणतो डबा जिवंत आहे, काटा म्हणतो वाट बंद आहे. तू असतीस तर क्षणात सांगितलं असतंस की अडथळा डब्याच्याही मागे असू शकतो. मी मात्र डोकं खाजवत उभा राहिलो. विनायकराव नाकाला रुमाल लावून बाजूला उभे होते. ते वाकून म्हणाले, “तो डबा जरा खाली करा ना, म्हणजे नीट बघता येईल.” मी होकाराची मान हलवली, कारण मलाही तेच करायचं होतं. डबा उतरवायचा, एका तोंडाशी बॅटरी धरायची, दुसऱ्या तोंडातून बघायचं. उजेड आरपार दिसला तर डबा निर्दोष. गोटू पाना घेऊन गाडीखाली सरकला आणि तेवढ्यात तुझा फोन आला.

तो फोन मला आता शब्दाशब्दाने आठवतो. मी हात पुसत बाहेर लिंबाखाली आलो. तू विचारलंस, जेवलात का. मी म्हटलं, हो. मग मी विनायकरावांची गोष्ट सांगायला लागलो, त्या ट्रकवाल्याची, चाचा उतर के धक्का मारो, आणि माझा मीच हसलो. तू हसली नाहीस. मी विचारलं, तुझं काय चाललंय. तू म्हणालीस, “काही नाही आबा, मी तं दिवसभर खाली बसून राहते.” मी म्हटलं, अगं थंडीत खाली बसू नकोस, सर्दी होईल, काही अंथरून बसत जा, आणि चार बायका जमतात का गप्पांना. तू जरा थांबून म्हणालीस, “हो.” आतून ठकठक ऐकू यायला लागली होती. मी म्हटलं, ठेवतो बेटा, गोटू काय तोडफोड करून राहिला बघतो. आणि मी फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. म्हटलं पोरगी रमली, बिल्डिंगीखाली बायकांत बसते, ऊन खाते.

आत गेलो तर गोटू छाती फुगवून उभा. खाली वर्तमानपत्रावर राखाडी चुरा आणि जाळीचे तुकडे, आणि हातात डबा, आरपार रिकामा. “झाला खाली, भाऊ. एकदम साफ.” विनायकरावांनी नाकावरचा रुमाल काढला. ते जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, “अहो, मी खाली म्हणालो, खाली.” गोटूने त्यांना डब्याच्या आत बोट फिरवून दाखवलं, “हां साहेब, खालीच तं केला.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. साताऱ्याकडे खाली म्हणजे जमिनीवर. आपल्या बुऱ्हाणपुरात खाली म्हणजे रिकामं. रिकामी बस खाली, रिकामी खुर्ची खाली, आणि ज्याला काही काम नाही तो माणूसही खाली. जमिनीवर ठेवायचं असलं तर आपण ‘नीचे’ म्हणतो नाहीतर नुसतं ‘ठेव’ म्हणतो. गोटू फोपनारचा, त्याच्या एका वाक्यात तीन भाषा जेवायला बसतात. त्याला साहेबांचा दुसरा अर्थ सुचणारच कसा? मी त्याच्यावर असा ओरडलो की शेजारचा टायरवाला काम सोडून बघायला आला. बावीस वर्षांत मी त्याला एवढं बोललो नव्हतो. तो फक्त एकदा म्हणाला, “मले पण वाटलं, असं कसं. पण तुम्ही मुंडी हलवली. म्हटलं उषाताई गेली, भाऊनं कायदा बदलला असंल.” मग दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून डबा खात होता. जेवणाचा.

पुढचं ऐक. पोकळ डबा तात्पुरता बसवून मी गाडी निंबोल्याच्या पुढे चढावर नेली. आवाज ट्रॅक्टरसारखा आणि ओढ मात्र तशीच मेलेली. तेव्हा कुठे माझं डोकं जागेवर आलं. परत येऊन मागचा सायलेन्सर उतरवला आणि कापून पाहिला. आतला एक पत्रा गंजून सुटला होता आणि झाकणासारखा नळीच्या तोंडावर जाऊन बसला होता. डब्याचा काही एक दोष नव्हता. थर्मामीटर ते सांगत होता, मी ते वाचलं होतं, आणि तरी मी डब्यावरच संशय धरला. गोटूने जाळी फोडली हे खरं, पण त्याआधी माझी मान हलली होती. विनायकरावांसमोर मी हात जोडले आणि नवा डबा मी बसवून देईन असं सांगितलं. ते म्हणाले, “अहो, माझाच शब्द चुकला.” त्यांचा शब्द चुकला नव्हता, आणि तसं मी त्यांना म्हटलंही.

नवा डबा इंदूरहून बसने यायला चार दिवस लागले. तेवढ्यात मी तू सांगायचीस ते सगळं केलं. प्लग काढून पाहिले, इंजिन तेल जाळतं का पाहिलं, पेट्रोल जास्त जातं का पाहिलं. कारण इंजिनच आजारी असेल तर नवा डबाही वर्षभरात मरतो. इंजिन ठणठणीत होतं. डबा, नवा सायलेन्सर, नवी गॅस्केटं, सगळं मी स्वतः गाडीखाली पडून बसवलं. गोटूला म्हटलं, बॅटरी धर. तो मुकाट्याने आला, आणि दुसरा बोल्ट आवळताना म्हणाला, “भाऊ, वाईसर बसवाचा राहिला.” तेव्हा आमचा अबोला सुटला. मग पुन्हा तपासणी. टोले, थर्मामीटर, काटा. मागची नळी पुढचीपेक्षा पस्तीसने गरम, आणि रेस दिली तरी काटा जागचा हलेना. पीयूसीवाल्याने आकडा बघून मशीन बिघडली की काय म्हणून पुन्हा नळी घातली. विनायकरावांना शेजारी बसवून मी असीरच्या घाटात गेलो. तिसऱ्यावर टाकली ती वर देवीच्या ओट्यापर्यंत तिसऱ्यावरच. उतरताना त्यांनी मला मावा जिलेबी खायला घातली आणि जाताना विचारलं, तो काटा कुठे मिळतो हो. मी म्हटलं, माझ्या मुलीने बनवलाय. अशा वेळी माझी मान किती ताठ होते ते तू पाहिलेलं आहेस.

त्या संध्याकाळी मी ही सगळी गोष्ट तुझ्या आईला साभिनय सांगितली. विनायकरावांचं जमिनीकडचं बोट, गोटूचं डब्यातलं बोट. ती भाकरी थापता थापता इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. मग एकदम तिने विचारलं, त्याच दिवशी उषाचा फोन आलता ना, काय म्हणे ती. मी म्हटलं, मजेत आहे, दिवसभर खाली बसून गप्पा मारते. तिचा हात परातीत थांबला. म्हणाली, “अहो, तिच्या घराले माडीच नाही. खाली कुठं बसंल ती?”

उषा, मी तुमच्या घरी तीन वेळा आलो आहे. अंगणातला पेरू मी पाहिला आहे, त्याच्या बुंध्याला टेकून बिडी ओढली आहे. एकमजली बैठं घर. मी मनात बिल्डिंग बांधली, जिना बांधला, खाली चार बायका बसवल्या, आणि तुला त्यांच्यात ऊन खायला पाठवलं. वर्षभर मी तुझी थट्टा करत होतो, ‘काय नाशिककर, आता तुम्ही शुद्ध बोलणार’. तू एकदा फोनवर ‘येते हं’ म्हणालीस तर मी गोटूला ऐकवून दाखवलं होतं. माझ्या डोक्यात बसलं होतं की आता तू तिकडचंच बोलतेस. आणि ज्या दिवशी तुला आतलं काही सांगायचं होतं, त्या दिवशी तू माहेरच्या भाषेत बोललीस आणि मी सासरच्या भाषेत ऐकलं. तुला म्हणायचं होतं की मी रिकामी बसून असते, दिवसच्या दिवस, कुणाला माझ्या हातांचं काही काम नाही. मी तुला अंथरून बसायला सांगितलं. मला रडू आलं, बेटा. तुझ्या आईने ताट बाजूला सरकवलं आणि मला रडू दिलं.

पण एवढीच चूक असती तर मी फोन करून माफी मागितली असती. त्यानंतर वीस दिवस मी हे पत्र मनात लिहितो आहे, ते पुढच्या गोष्टीसाठी. तू रिकामी का बसतेस, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. तुझे सासरे अनंतराव सरळ माणूस. सासूबाईंनी तुला कधी वाकडा शब्द बोलल्याचं माझ्या कानावर नाही. जावई शिफ्टवरून आले की तुझ्यासाठी गजरा आणतात, हे तूच सांगितलंस. नाशिकमध्ये गॅरेजं काय, कारखाने काय, तुझ्यासारख्या हाताला जागा कमी आहे का? तरी तुला कुणी अडवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही, कारण त्या घरात कुणाला माहीतच नाही की तुला काय येतं. आणि ते माहीत नाही ते माझ्यामुळे.

पाहायला आले होते तो दिवस तू विसरली नसशील, मीही विसरलेलो नाही. आदल्या दिवशी तुझा उखर्डूमामा मला बाजूला घेऊन म्हणाला होता, पोरगी गाडीखाली झोपते असं सांगू नका, चांगलं स्थळ आहे. मी बैठकीत सांगितलं, मुलगी एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. तू पोहे घेऊन आलीस तेव्हा सासूबाईंचं लक्ष तुझ्या उजव्या मनगटावरच्या डागाकडे गेलं. त्यांनी मायेनेच विचारलं, हे काय गं भाजलं. तू तोंड उघडणार, त्याच्या आत मी बोललो. तव्याचा चटका, म्हटलं, पोळ्या करताना. त्या खूश झाल्या, मुलीला स्वयंपाकाची आवड आहे म्हणाल्या. तो डाग दगाशेठच्या जीपच्या तापलेल्या डब्याचा आहे, आणि त्या दिवशी तू ते काम अर्ध्यावर सोडलं नव्हतंस हे मला माहीत होतं, गोटूला माहीत होतं, सगळ्या राजपुऱ्याला माहीत होतं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि बांगड्या पुढे ओढून घेतल्यास. नंतर तू मला त्याबद्दल कधी एका शब्दाने विचारलं नाहीस. तू विचारलं असतंस तर बरं झालं असतं. गिऱ्हाइकांसमोर ज्या पोरीची मी फुशारकी मारतो, तिचीच मला चार परक्या माणसांसमोर लाज वाटली. लग्न मोडेल ही भीती होती, हे खरं, पण लाजही होती, आणि ती मी आज पहिल्यांदा कबूल करतो आहे. तू वर्षभर त्या घरात माझी थाप सांभाळत बसली आहेस. तुझ्या हातातलं सगळं मीच काढून घेतलं आणि मग फोनवर विचारलं, तुझं काय चाललंय.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. परवा मी अनंतरावांना फोन लावला होता. सगळं सांगून टाकायचं, माफी मागायची, असं ठरवून. नंबरचे सहा आकडे दाबले आणि थांबलो, कारण तुला न विचारता तुझ्याबद्दल बोलायचं म्हणजे मी पुन्हा तेच करणार होतो. म्हणून आधी तुला विचारतो. येत्या रविवारी मी आणि तुझी आई नाशिकला येतो आहोत, तिकिटं काढली आहेत. थाप माझी आहे, तेव्हा ती मोडायचं कामही माझंच असलं पाहिजे. पण ती मोडायची की नाही, हे तू ठरवायचं. शनिवारपर्यंत मला मिस्डकॉल दे. मी सांगावं असं वाटत असेल तर एक. मग मी चहाच्या आधीच सांगेन, सासूबाईंच्या तोंडावर, त्या डागासकट. सांगू नये असं वाटत असेल तर दोन. मग मी पेरूची चौकशी करून, जेवून, गप परत येईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. आणि तुला स्वतःच सांगायचं असेल, किंवा आधी मला चार शब्द सुनवायचे असतील, तर घंटी पूर्ण वाजू दे. मी गाडीखाली असलो तरी बाहेर येईन, फोन उचलेन, आणि तुझं बोलून होईपर्यंत एक शब्द बोलणार नाही.

तुझाच,
आबा